जलचक्राचे ज्ञान आणि भूजलाचा हक्क : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग बनतात, ढगांतून पाऊस पडतो आणि पडलेले पाणी ओढ्या-नद्यांच्या व भूगर्भातील वाटांनी पुन्हा समुद्राला मिळते, हे आज प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पाठ्यपुस्तकातील आकृतीत बाणांनी दाखविलेले हे चक्र इतके परिचित झाले आहे की, त्यामागेही एक दीर्घ आणि वादग्रस्त इतिहास आहे, याचा सहसा विसर पडतो. पाणी फिरते, ही कल्पना अतिप्राचीन आहे. मात्र नद्या आणि झरे यांना पुरेल एवढे पाणी पावसातूनच मिळते, हे आकड्यांनी दाखवून देण्यासाठी सतराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे व तिच्याकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. ज्या काळात विज्ञानाने आकाशातील, पृष्ठभागावरील आणि भूमीखालचे पाणी एकच असल्याचे सिद्ध केले, त्याच काळात कायद्याने मात्र त्या एका पाण्याचे दोन भाग केले. नदीचे पाणी सर्वांचे किंवा शासनाचे आणि विहिरीचे पाणी जमीनमालकाचे, ही विभागणी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दृढ झाली आणि तेथून भारतात आली. जगात सर्वाधिक भूजल उपसणाऱ्या आणि जागतिक उपशाचा सुमारे एक चतुर्थांश वाटा असलेल्या भारतासाठी हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. प्रस्तुत निबंधात जलचक्राच्या ज्ञानाचा विकास आणि भूजलविषयक हक्कांची घडण या दोन प्रवाहांचा एकत्रित विचार केला असून, त्यांच्यातील अंतराचे महाराष्ट्राच्या संदर्भात काय परिणाम झाले, याचा आढावा घेतला आहे.

१. प्राचीन भारतीय ग्रंथांतील पाणी :

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात एकच पाणी दिवसांच्या गतीबरोबर वर जाते आणि खाली येते, असा आशय आढळतो. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला नद्यांचा दृष्टांत देतो. नद्या समुद्रातून निघून समुद्रातच विलीन होतात, असे तेथे सांगितले आहे. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात समुद्राचे पाणी मेघांद्वारे वर उचलले जाते व पर्जन्यरूपाने पडून गंगादी नद्यांच्या रूपाने पुन्हा समुद्राला मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण केले आहे. उपनिषदाचा मूळ हेतू आत्मतत्त्वाचे ऐक्य पटवून देण्याचा आहे, जलविज्ञान शिकविण्याचा नाही. तथापि दृष्टांत हा नेहमी श्रोत्याला आधीच मान्य असलेल्या गोष्टीचाच दिला जातो. त्यामुळे पाण्याच्या चक्राकार गतीची कल्पना त्या काळी सर्वपरिचित असावी, असे अनुमान काढता येते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अशा उल्लेखांवरून आधुनिक जलविज्ञान प्राचीनांना अवगत होते, असा निष्कर्ष काढण्याची प्रवृत्ती अधूनमधून दिसते. चक्राची कल्पना असणे आणि त्या चक्रातील प्रत्येक टप्प्यावरील पाण्याचे परिमाण माहीत असणे, या भिन्न गोष्टी आहेत. या दृष्टीने पाहता कौटिलीय अर्थशास्त्राचे महत्त्व अधिक ठरते. आर. शामशास्त्री यांनी म्हैसूर येथे १९०५ मध्ये प्रकाशात आणलेल्या आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाची रचना कोणत्या शतकात झाली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतचा काळ त्यासाठी सांगितला जातो. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात कोठारामध्ये एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावे, असा निर्देश आहे. त्याच अधिकरणातील सीताध्यक्षाच्या प्रकरणात निरनिराळ्या प्रदेशांतील पावसाचे मान द्रोण या परिमाणात दिले आहे. जांगल प्रदेशात १६ द्रोण आणि पाणथळ प्रदेशात त्याच्या दीडपट पाऊस सांगितला असून, अश्मक देशात १३½ द्रोण, अवंतीत २३ द्रोण आणि अपरांतात अपरिमित पाऊस पडतो, असे म्हटले आहे.

अश्मक म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातील प्रदेश आणि अपरांत म्हणजे कोकण, हे समीकरण सर्वसाधारणपणे मान्य आहे. आजच्या सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. सह्याद्रीच्या दोन बाजूंमधील हा भेद राज्यकारभाराच्या ग्रंथात आकड्याने नोंदविला गेला होता, ही बाब लक्षणीय आहे. पहिल्या व शेवटच्या महिन्यात मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पाऊस पडणे हे सुकाळाचे लक्षण होय, असेही तेथे नमूद आहे.

हे मापन जिज्ञासेपोटी नव्हते. पेरणी, पीक आणि महसूल यांचा अंदाज बांधण्यासाठी ते होते. त्याच प्रकरणात उदकभागाचे, म्हणजे पाण्यावरील राजभागाचे दर दिले आहेत. हाताने पाणी दिल्यास पाचवा, खांद्यावरून वाहून दिल्यास चौथा आणि यंत्राने दिल्यास तिसरा भाग देय होता. नदी, सरोवर, तलाव आणि विहीर यांतून उपसलेल्या पाण्यासाठी चौथा भाग सांगितला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या यादीत विहिरीचा समावेश असणे महत्त्वाचे आहे. नदी आणि विहीर यांत येथे हक्काच्या दृष्टीने भेद केलेला नाही.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पर्जन्याविषयी अनेक अध्याय असून भूमीखालील पाणी शोधण्याच्या विद्येवर ‘दकार्गल’ हा स्वतंत्र अध्याय आहे. मानवी शरीरातील रक्तवाहिन्यांप्रमाणे भूमीतही वर-खाली जलशिरा असतात, आकाशातून पडणारे पाणी एकाच रंगाचे व चवीचे असते, परंतु भूमीच्या भेदामुळे त्याला निरनिराळे रंग व चवी प्राप्त होतात, असे प्रतिपादन या अध्यायाच्या आरंभीच येते. म्हणजेच विहिरीचे पाणी हे मुळात पावसाचेच पाणी आहे, हे येथे गृहीत धरले आहे. पुढे जांभूळ, उंबर, अर्जुन, निर्गुडी अशी झाडे आणि त्यांच्याजवळील वारुळे यांवरून पाणी कोणत्या दिशेला व किती ‘पुरुष’ खोलीवर लागेल, याचे नियम दिले आहेत. यांतील सर्व नियम आज कसोटीला उतरतील असे नाही. तरीही वनस्पती, माती, खडक आणि भूजल यांचा परस्परसंबंध निरीक्षणाने शोधण्याचा हा पद्धतशीर प्रयत्न होता, यात शंका नाही.

२. युरोपातील शंका : पाऊस पुरतो काय?

युरोपीय परंपरेत पाण्याच्या फेऱ्याविषयी वाद नव्हता. हा फेरा कोणत्या मार्गाने पूर्ण होतो, हा वादाचा विषय होता. सर्व नद्या समुद्राला मिळूनही समुद्र भरून वाहत नाही, हे निरीक्षण बायबलच्या जुन्या करारातही आहे. प्लेटोने नद्यांचा उगम टार्टारस या भूगर्भातील महाविवरात कल्पिला. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात बाष्पीभवन व पर्जन्य यांचे चांगले वर्णन केले. परंतु बारमाही नद्यांना पुरेल एवढे पाणी केवळ पावसातून मिळत असेल, हे त्याला पटले नाही. पर्वतांच्या पोटातील थंड पोकळ्यांमध्ये हवेचे पाणी होते व तेही झऱ्यांना मिळते, असे त्याचे मत होते. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने मात्र डोंगरावरील पाऊस व बर्फ जमिनीत मुरून पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतात, असे लिहिले.

मध्ययुगात आणि त्यानंतरही समुद्राचे पाणी भूमीखालून पर्वतांपर्यंत चढते, वाटेत त्यातील क्षार गाळले जातात आणि ते झऱ्यांतून बाहेर पडते, हा सिद्धांत प्रबळ होता. अथानासियस किर्खर या जेसुइट विद्वानाने सतराव्या शतकाच्या मध्यानंतर प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रचंड ग्रंथात या भूगर्भीय जलमार्गांची भव्य चित्रे दिली. पाणी आपोआप वर कसे चढते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर या सिद्धांतात नव्हते. तरीही पाऊस अपुरा आहे, ही समजूत इतकी दृढ होती की ही अडचण सोसणे विद्वानांना सोपे वाटले.

या मताला स्पष्ट विरोध केला तो विद्यापीठाबाहेरील एका कारागिराने. बर्नार पालिसी हा फ्रेंच कुंभार १५८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात झरे व नद्या यांचा उगम पावसाशिवाय दुसऱ्या कशातही नाही, असे ठामपणे मांडतो. मातीशी आयुष्यभर काम केल्यामुळे पाणी कोणत्या थरात मुरते आणि कोणत्या थरावर अडते, याचे त्याला प्रत्यक्ष ज्ञान होते. प्रॉटेस्टंट पंथाचा त्याग न केल्यामुळे त्याला कैद झाली व बास्तीलच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. विद्वानांच्या वर्तुळात त्याच्या प्रतिपादनाचा फारसा प्रभाव पडला नाही, कारण त्याच्या मताला निरीक्षणाचा आधार असला तरी मोजमापाचा आधार नव्हता.

३. मोजमापाचे शतक :

हा आधार मिळाला १६७४ मध्ये. पॅरिस येथे ‘झऱ्यांच्या उगमाविषयी’ या आशयाचे एक पुस्तक लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाले. त्याचा लेखक पिएर पेरो हा परीकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या शार्ल पेरोचा भाऊ होता. तो पॅरिसमध्ये महसूल खात्यातील वरिष्ठ अधिकारी होता व १६६४ मध्ये त्याला ते पद गमवावे लागले होते. जमाखर्च तपासणाऱ्या माणसाला सुचावी, अशीच त्याची पद्धत होती. सेन नदीच्या उगमापासून एने-ल-द्युक या गावापर्यंतचे पाणलोट क्षेत्र त्याने निवडले. तीन वर्षांच्या पावसाची सरासरी काढली. ती सुमारे १९ फ्रेंच इंच भरली. या क्षेत्रावर वर्षभरात पडणारे एकूण पाणी आणि नदीतून वाहून जाणारे एकूण पाणी यांची त्याने तुलना केली. नदीतील पाणी पावसाच्या जेमतेम एक षष्ठांश असल्याचे त्याला आढळले. पाऊस नदीला पुरत नाही, ही दोन हजार वर्षांची समजूत चुकीची ठरली. उलट, उरलेले पाच षष्ठांश पाणी जाते कोठे, असा नवा प्रश्न उभा राहिला.

पेरोच्या निष्कर्षालाही मर्यादा होती. पावसाचे पाणी जमिनीत खोलवर मुरते, हे त्याला मान्य नव्हते. ही उणीव एदम मारियोत या शास्त्रज्ञाने भरून काढली. त्याच्या मृत्यूनंतर १६८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने पॅरिस येथील सेन नदीचा प्रवाह मोजून पेरोच्या निष्कर्षाला अधिक मोठ्या क्षेत्रावर पुष्टी दिली. शिवाय पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरात झिरपणाऱ्या पाण्याचे निरीक्षण करून पाऊस जमिनीत मुरतो, हेही दाखविले.

आता चक्राचा एक भाग शिल्लक होता. समुद्रातून एवढी वाफ वर जाते काय? एडमंड हॅली याने १६८७ मध्ये रॉयल सोसायटीसमोर मांडलेल्या प्रयोगाने त्याचे उत्तर दिले. एका पसरट भांड्यातील पाणी उन्हाळ्यातील हवेइतके तापवून त्यातून किती पाणी वाफ होऊन जाते, हे त्याने वजन करून पाहिले. त्यावरून भूमध्य समुद्रातून उन्हाळ्याच्या एका दिवसात सुमारे ५२८ कोटी टन पाणी वाफ होऊन जात असावे, असा हिशेब त्याने केला. या समुद्राला मिळणाऱ्या नऊ मोठ्या नद्यांचे पाणी, प्रत्येक नदी थेम्सच्या दसपट धरूनही, दिवसाला सुमारे १८३ कोटी टनच भरत होते. समुद्र भरून का वाहत नाही, या प्राचीन प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने अंकगणिताने मिळाले. हॅलीचे आकडे स्थूल होते, परंतु त्याने दाखविलेली दिशा बरोबर होती.

पुढील काळात या हिशेबाला सूक्ष्मता आली. जॉन डाल्टन याने १७९९ मध्ये मँचेस्टर येथे वाचलेल्या निबंधात इंग्लंड व वेल्स यांच्यासाठी पाऊस व दव, नद्यांचा प्रवाह आणि बाष्पीभवन यांचा एकत्रित ताळेबंद मांडला. आंरी दार्सी या अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासंबंधीच्या आपल्या १८५६ च्या ग्रंथात वाळूच्या थरातून पाणी वाहण्याचा नियम प्रयोगाने सिद्ध केला. भूजलाच्या गतीचे गणित करता येते, हे दार्सीच्या नियमामुळे स्पष्ट झाले. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाऊस, नदी, बाष्पीभवन आणि भूजल हे चारही घटक एकाच हिशेबाच्या वहीत आले होते.

४. न्यायालयातील भूजल :

नेमक्या याच काळात इंग्लंडमधील न्यायालयांसमोर भूजलाचे तंटे येऊ लागले. खाणी खोल होत होत्या, शहरे वाढत होती आणि वाफेच्या पंपांमुळे पूर्वी अशक्य असलेला उपसा शक्य झाला होता. १८४३ मध्ये निकाल लागलेल्या ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल या खटल्यात लँकेशायरमधील एका कापड गिरणीच्या मालकाची विहीर शेजारच्या जमिनीतील कोळशाच्या खाणीमुळे आटली होती. नदीकाठच्या जमीनमालकांना एकमेकांच्या प्रवाहाविषयी जे हक्क आहेत तेच भूजलालाही लागू करावेत, अशी त्याची मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. पृष्ठभागावरचा प्रवाह सर्वांना दिसतो, त्याचा मार्ग ठाऊक असतो. भूमीखालचे पाणी कोठून येते व कोठे जाते, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून त्याविषयी परस्परांचे हक्क मानता येत नाहीत व आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्यास मालक मोकळा आहे, असा या निर्णयाचा आशय होता. रोमन कायद्यातील जुन्या मताचाही त्यात आधार घेतला गेला.

अज्ञान हेच या निर्णयाचे एकमेव कारण असते, तर ज्ञान वाढल्यावर तो बदलायला हवा होता. तसे घडले नाही. १८५९ मधील चेसमोर विरुद्ध रिचर्ड्स या खटल्यात क्रॉयडन येथील स्थानिक मंडळाने शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी मोठी विहीर खणून उपसा केला होता. त्यामुळे वँडल नदीवरील एका जुन्या गिरणीला मिळणारे पाणी कमी झाले. जमिनीत मुरलेले पाणी एरवी नदीला मिळाले असते, ही वस्तुस्थिती या खटल्यात मान्य होती. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने गिरणीमालकाच्या विरुद्ध निर्णय दिला. नदीचे पाणी नदीत पोहोचण्यापूर्वी भूमीतच अडविल्यास तो गुन्हाही नाही आणि हक्कभंगही नाही, असे त्यातून निष्पन्न झाले. १८९५ च्या ब्रॅडफर्ड महापालिका विरुद्ध पिकल्स या खटल्यात तर पाणी अडविण्यामागील हेतू दुष्ट असला तरी मालकाचा हक्क अबाधित राहतो, येथपर्यंत हे तत्त्व पोहोचले.

या तीन निर्णयांचा क्रम पाहता असे दिसते की, आरंभी अज्ञानाच्या आधारावर उभारलेले तत्त्व नंतर त्या आधाराशिवायही टिकून राहिले. खाणी आणि वाढती शहरे यांच्या गरजा त्याने भागत होत्या, हे त्यामागील एक कारण म्हणता येईल. मालमत्तेचा हक्क एकदा मान्य झाला की तो मागे घेणे अवघड असते, हे दुसरे.

५. मुंबई इलाखा : अधिनियम आणि आसूड :

ब्रिटिश हिंदुस्थानात पाण्याची ही विभागणी दोन वाटांनी आली. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे अधिनियमाने नद्या व ओढे यांचे पाणी कालव्यांसाठी वापरण्याचा शासनाचा अधिकार निश्चित केला. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने दुसरी बाजू स्पष्ट केली. त्यातील कलम ७ खालील एका दृष्टांतात, निश्चित प्रवाहमार्गातून न वाहणारे जमिनीखालचे व जमिनीवरचे सर्व पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याचा विनियोग करण्याचा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क नमूद केला आहे. लगेचच्या दृष्टांतात निश्चित मार्गाने वाहणाऱ्या नैसर्गिक प्रवाहाविषयी मात्र शेजाऱ्यांचे परस्पर हक्क मान्य केले आहेत. हा अधिनियम प्रारंभी मद्रास, मध्य प्रांत व कूर्ग येथे लागू होता. १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू करण्यात आला. अशा रीतीने लँकेशायरच्या कोळशाच्या खाणीवरून निघालेले तत्त्व दख्खनच्या विहिरींना लागू झाले. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला भूजलावर कोणताही हक्क नाही, असा त्याचा अटळ अर्थ होता.

हा काळ १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतरचा होता. १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना होऊन हेन्री ब्लॅनफर्ड याच्याकडे त्याची सूत्रे आली होती. पावसाच्या नोंदी एकत्रित होऊ लागल्या होत्या. पर्जन्याचा अंदाज आणि महसुलाचा अंदाज यांचा संबंध अर्थशास्त्राच्या काळाप्रमाणेच येथेही होता. मात्र पडलेल्या पावसाचे जमिनीत काय होते, याचा हिशेब शासनदरबारी ठेवला जात नव्हता.

हा विचार महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात आढळतो. लष्करातील व पोलिसांतील फालतू शिपायांकडून जागोजाग ताली व बंधारे अशा रीतीने बांधून घ्यावेत की पावसाचे पाणी प्रथम शेतजमिनीत मुरून नंतर ओढ्या-नाल्यांना मिळेल, अशी सूचना त्यांनी केली आहे. पाणाड्यांकडून विहिरींना लागणाऱ्या पाण्याच्या जागा शोधून घ्याव्यात, असेही ते सुचवितात. या सूचनेत जमीन, भूजल आणि ओढा यांची एक साखळी गृहीत धरलेली आहे. पाणी आधी मुरावे व मग वाहावे, हा आजच्या पाणलोट विकासाचा गाभा होय. १८८२ चा अधिनियम आणि १८८३ चा हा ग्रंथ यांत अवघ्या एका वर्षाचे अंतर आहे. परंतु एकात पाण्याचे तुकडे केलेले आहेत, तर दुसऱ्यात ते जोडलेले आहेत.

पाणी भूमीखालून वाहते व ते सामूहिक रीतीने वापरता येते, याचा अनुभव दख्खनला नवा नव्हता. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबराने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या शहरासाठी डोंगरपायथ्याचे भूजल भूमिगत नहरीने आणले होते. तेथे भूजल ही शहराची सामाईक संपत्ती होती.

६. काळ्या पाषाणातील पाणी आणि नवे कायदे :

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनलेल्या या खडकात पाणी साठण्यास जागा थोडी असते. वरचा मुरुमाचा व झिजलेल्या खडकाचा थर, सच्छिद्र पाषाण आणि कठीण खडकातील भेगा एवढ्यांतच पाणी राहते. पावसाळ्यात हा उथळ साठा भरतो आणि पुढील महिन्यांत हळूहळू ओढ्या-नद्यांत उतरतो. दिवाळीनंतर ओढ्याला जे पाणी असते ते बहुतांशी विहिरींच्याच पातळीतून पाझरलेले असते. म्हणून दख्खनच्या पठारावर विहिरीचा उपसा वाढला की ओढा लवकर आटतो. क्रॉयडनच्या विहिरीने वँडल नदीचे जे केले, तेच येथे हजारो विहिरींनी एकाच वेळी घडू लागले.

मोटेच्या काळात उपशाला बैलांच्या शक्तीची मर्यादा होती. विजेचे पंप आल्यावर ती उरली नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींचा प्रसार झाला आणि उथळ साठा संपल्यावर खोलवरच्या भेगांतील पाणी उपसले जाऊ लागले. या खोल पाण्याचे पुनर्भरण संथ असते. शासनाने भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेमार्फत पाणलोट क्षेत्रनिहाय भूजलाचे मूल्यांकन सुरू केले. पेरोने सेन नदीच्या उगमाशी जे केले त्याचेच हे विस्तृत रूप होते. परंतु मूल्यांकन पाणलोटाचे आणि हक्क मात्र सातबारावरील जमिनीचा, ही विसंगती कायम राहिली.

या विसंगतीला प्रत्यक्ष कृतीने उत्तर देण्याचा प्रयत्न विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून केला. पाणी पंचायतीच्या तत्त्वांनुसार पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवरून ठरत असे. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मान्य होता आणि उसासारखी अतिपाण्याची पिके वर्ज्य होती. १८८२ च्या अधिनियमाने पाणी जमिनीला बांधले होते. येथे ते जमिनीपासून सोडवून माणसाशी जोडण्यात आले.

कायद्यातील बदल संथ गतीने झाले. १९९३ च्या महाराष्ट्र अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातले. मात्र त्याचा उद्देश पिण्याच्या पाण्यापुरता मर्यादित होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या प्रकरणात नैसर्गिक संसाधने शासनाकडे जनतेचे विश्वस्त म्हणून असतात, हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. केरळमधील प्लाचिमडा येथील भूजल उपशाच्या वादात याच तत्त्वाच्या आधारे २००३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी भूजल ही जनतेची संपत्ती असल्याचे म्हटले. परंतु २००५ मध्ये खंडपीठाने जमीनमालकाच्या हक्काला अनुकूल अशी भूमिका घेतली. दीडशे वर्षांपूर्वीचा इंग्रजी वाद भारतीय न्यायालयात नव्या रूपात उभा राहिल्याचे यावरून दिसते.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ मध्ये अंमलात आला. पाणलोट क्षेत्र समित्या, उपलब्ध भूजलावर आधारित पीक आराखडा आणि ६० मीटरांहून खोल विहिरींवरील निर्बंध अशा तरतुदी त्यात आहेत. जमिनीची हद्द सोडून पाणलोट हा घटक धरणारा हा कायदा जलचक्राच्या शास्त्राशी अधिक सुसंगत आहे. तथापि खोल विंधन विहिरींचा सर्वत्र दिसणारा सुळसुळाट पाहता त्याच्या अंमलबजावणीचे काम बरेच शिल्लक आहे, हे मान्य करावे लागते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पाण्याच्या चक्राची कल्पना भारतात व अन्यत्रही प्राचीन काळापासून होती. परंतु पाऊस नद्यांना पुरतो किंवा नाही, यासारख्या प्रश्नाचा निकाल मोजमापाशिवाय लागला नाही. पेरो, मारियोत आणि हॅली यांचे कार्य म्हणूनच निर्णायक ठरले. दुसरी बाब अशी की, एखाद्या विषयाचे ज्ञान प्राप्त झाले म्हणजे त्यानुसार समाजाचे नियम आपोआप बदलतात, असे नाही. दार्सीच्या नियमानंतरही न्यायालयांनी भूजलाचा मालकीहक्क तसाच ठेवला आणि वसाहतकाळात तो भारतावर लादला गेला. तिसरी बाब महाराष्ट्राच्या परंपरेशी निगडित आहे. विहिरीलाही राजभाग लावणारे अर्थशास्त्र, पाणी मुरविण्याचा आग्रह धरणारे फुले आणि भूमिहीनाला वाटा देणारी पाणी पंचायत, या तिन्हींत पाण्याच्या एकत्वाची जाणीव निरनिराळ्या हेतूंनी व्यक्त झाली आहे.

तापमानवाढीमुळे हवेतील बाष्प धारण करण्याची क्षमता दर अंश सेल्सिअसमागे सुमारे सात टक्क्यांनी वाढते आणि त्यामुळे थोड्या वेळात मोठा पाऊस पडण्याचे प्रमाण वाढत आहे. असे पाणी मुरण्यापेक्षा वाहून अधिक जाते. त्यामुळे जमिनीत मुरलेल्या प्रत्येक थेंबाचे मोल पुढील काळात अधिकच वाढणार आहे. तो थेंब कोणाचा, हा प्रश्न शास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे, पण त्याचे उत्तर शास्त्राला डावलून देता येणार नाही. एकाच्या शेतात मुरलेले पाणी दुसऱ्याच्या विहिरीत आणि तिसऱ्याच्या ओढ्यात जाते, ही वस्तुस्थिती साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मोजमापापासून सिद्ध होत आली आहे. भूजलाचे नियम आता तिच्याशी जुळवून घेण्याची आवश्यकता आहे.